पडद्यावरचा तलाव

दंडारीच्या नाटकाच्या नव्या पडद्यावर लटारूने गावचा तलाव रंगवला होता. त्या निळ्या पाण्याकडे बघितलं की बघणाऱ्याच्या तोंडात शेवाळाची, चिखलाची चव यायची. थुंकून ती जात नसे. नजर वळवली तरच जाई.

भर दुपारी मासे धरणाऱ्या ढिवरांची म्हातारी गुणाबाई मांडवात आली. पडद्याकडे बघताच तिने तोंड पुसलं. "पयली मासोळी पाण्याले वापस देल्ली का रे?"

गावात नवं जाळं टाकणारा प्रत्येक जण पहिली मासोळी तलावाला परत देत असे.

"चित्रातल्या पाण्याले काहाची मासोळी?" लटारू उखडला. "जीभ तुमची सडकी, अन् नावं माह्या रंगाले ठेवता?"

चव त्यालाही येत होती. म्हणून तर एवढा चिडला होता. त्याने चुन्याची बादली उचलली आणि सगळा तलाव पांढरा करून टाकला.

पांढऱ्यालाही तीच चव होती. फक्त आता ती गार लागत होती.

लटारूने डोळे गच्च मिटले. "गेली पाह्य चव!" तो हसला. मग त्याचं हसू थांबलं. "बाई, पाण्यात जाळं पडल्यावानी आवाज येऊन राह्यला."

मांडवात कसलाच आवाज नव्हता.

"डोळे उघड, लटारू!"

"उघडत नाईत, बाई. आता जाळं ओढून राह्यले."

त्याच्या उघड्या पाठीवर जाळ्याचे चौकोन उमटत गेले आणि त्याची पावलं पडद्याकडे घसरू लागली.