रोहडीचा देव

चौरंगावर तांदळाचा चौक, त्यात एक कलश, भोवती पाच ऊस, बाजूला दिवटी आणि संबळ. शालनबाईंच्या घरी गोंधळ होता. पिंपरीच्या निर्वासित छावणीतली पोपटी शेजारीण म्हणून आली, पण संबळावर पहिली टिपरी पडताच तिनं दोन्ही कान दाबले. फाळणीत सिंधमधल्या तिच्या दारावर असेच घाव पडले होते; दार मोडल्यावर ती मागून निसटली, नवरा मात्र आतच राहिला होता. कोंडाजी गोंधळी गावोगावचे देव बोलावता बोलावता तिच्यापुढं थांबला. “आक्का, तुझा देव कंचा? त्यालाबी बोलावतो.” “तो तिकडंच राहिला.” “मंग लांबून यायचंय त्याला. गावाचं नाव सांग, न्हाईतर वाट चुकंल बिचारा.” गाव सुटल्यापासून तिनं पहिल्यांदाच ते नाव घेतलं. “रोहडीचा झूलेलाल.” “रोहडीच्या झूलेलाला, गोंधळाला यावं!” कोंडाजीची हाळी घुमली आणि संबळ पुन्हा कडाडला. पोपटीनं एका कानावरचा हात काढला.