माहेरचे नाव

सीमेचे रक्षण हे कठोर कर्तव्य आहे. परंतु ज्याने परक्याला अडवायचे, त्याने आपले माणूसही ओळखले पाहिजे.

खिंडीच्या तोंडाशी पांढरा गवा उभा होता. तो गावाचा राखणदार. गावात जन्मलेल्यांखेरीज कोणालाही आत सोडत नसे. समोरच्या स्त्रीच्या खांद्यावर तिचे तान्हे मूल तापाने निपचित पडले होते, आणि त्या तापावरचा एकमेव उतारा खिंडीपलीकडच्या झऱ्यात होता.

“नाव सांग,” गवा म्हणाला.

“वैजयंती.”

“या नावाचं कोणी इथं जन्मलं नाही. माघारी फिर.”

“देवा, लेक आहे मी या गावची!”

“सगळे असंच म्हणतात.”

तेव्हा तिला उमगले. हे नाव सासरच्यांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहून दिलेले. दृष्ट लागू नये म्हणून आईने ठेवलेल्या पहिल्या नावाची तिला लाज वाटे. मान खाली घालून ती म्हणाली, “धोंडी.”

गव्याला हसू फुटले. “माझ्या शिंगांना लोंबकळणारी धोंडी का तू? मग आधी बोलायचंस की! म्हणे वैजयंती!”

“पण हे लेकरू तिकडं जन्मलंय, देवा.”

“आजोळी यायला नाव लागत नाही,” म्हणत तो बाजूला सरला.

झऱ्याच्या दुसऱ्याच घोटाला मूल घामाने भिजले आणि भुकेने टाहो फोडू लागले. आईचा जीव भांड्यात पडला.

ते बाळ शतायुषी होवो. माहेरी येणाऱ्या प्रत्येक लेकीला वाट मोकळी मिळो.