रबरी नळी

बापाने गज पुन्हा उगारला. धाकटा मोटारीच्या चाकाला टेकून पडला होता. उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. तोंडात रक्त, तरी धोशा एकच.

"मी अडवत होतो, बाबा. मामाने मारलं."

"भावाला खाल्लंस, आता मामावर ढकलतोस?" गज खाली आला. हाड मोडल्याचा आवाज गॅरेजभर गेला.

थोरला सकाळीच गेला, इथेच, डोकं फुटून. पुरावा म्हणजे छताच्या कॅमेऱ्यातला एक फोटो. स्वस्तातलं डबडं ते, थांबून थांबून एकेक फोटो घ्यायचं. फोटोत थोरला खाली वाकलेला आणि त्याच्या डोक्यावर धाकट्याच्या हातातला गज, सरळसोट. मागे मामा, हातात काहीतरी लांब, विळ्यासारखं वाकलेलं. गाडी धुवायची रबरी नळी, मामा म्हणाला. ती हातात घेऊनच सोडवायला धावला म्हणे. थोरल्याने कालच त्याला कामावरून हाकललं होतं, पण ते कोण लक्षात घेतो? दोघा भावांची रोजची भांडणं मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

मामा बंद शटरपाशी उभा होता. "दाजी, पोलीस येतील. काय ते उरकून घ्या." माणूस तरी कसला म्हणायचा.

धाकट्याच्या बहिणीला बघवेना. तिने मान फिरवली, तर समोर भिंतीवर कॅमेऱ्याचा पडदा. त्यावरही तेच चाललेलं. बापाने उगारलेला गज सरळ होता. पुढचा फोटो आला, गज खाली येतानाचा. तो वाकला होता, अगदी विळ्यासारखा.

ती धावत जाऊन मध्ये उभी राहिली.

"बाजूला हो," बाप म्हणाला.

"हातात लोखंड आहे ना तुमच्या? मग पडद्यावर ते रबरासारखं का दिसतं?"

बापाने वर पाहिलं.

"हा कॅमेरा अख्खा फोटो एकदम टिपत नाही, बाबा. वरून खाली, ओळीओळीने टिपतो. खालच्या ओळीची पाळी येईपर्यंत गज पुढे गेलेला असतो, म्हणून वाकडा दिसतो. महागड्यात सगळे ठिपके एकाच क्षणी उजेड पकडतात. मीच मेलीने स्वस्तातला आणला." तिचा आवाज चिरकला. "धाकट्याचा गज सरळ आहे. तो हललाच नव्हता. त्याने तो आडवा धरला होता."

 भावाला वाचवायला ज्या हाताने गज धरला, तोच हात बापाने मोडला होता.

मामाची पाठ शटरला लागली. "रबरच होतं ते, दाजी. आईशप्पथ."

बापाने गज घट्ट धरला. तो धाकट्याला ओलांडून शटरकडे गेला. बहीण पडद्याकडे बघत राहिली.

पुढचा फोटो आला. गज पुन्हा रबरासारखा वाकला होता.