वटवाघळातला माणूस

वटवाघळाच्या जीनोममध्ये माणूस सापडला.

त्यात तसं नवल काही नव्हतं. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा प्राण्यांचे, झाडांचे जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएचा अख्खा मजकूर, तुकड्याला तुकडा जोडून उभे करत आणि जगाला खुले करण्याआधी तपासायला इथे पाठवत. त्यात कधी जंतू निघत, कधी बुरशी, कधी नमुना हाताळणाऱ्या माणसाचाच अंश. हा परका माल वेचून काढणं हे तिचं काम. ऑफिसात तिला चाळणी म्हणत. तिला ते नाव आवडायचं.

आज निघालेला तुकडा मात्र अख्खाच्या अख्खा होता. पेशीतल्या ऊर्जाघरांचा तो छोटा, गोल डीएनए, जो आईकडून मुलांना जसाच्या तसा मिळतो. माणसाचा तुकडा असला की तो न वाचता काढून टाकायचा, असा नियम. तिनं वाचला. डोळ्यांना सवयच तशी. आणि एका अक्षरापाशी ती थबकली. ते अक्षर बदललेलं असलं, की काही जुन्या औषधांची इंजेक्शनं माणसाला कायमचं बहिरं करू शकतात. औषध टाळलं तर बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. फक्त आधी ठाऊक हवं.

दुपारी जीनोम खुला व्हायचा होता. ती उठून विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"काढलास ना तो तुकडा? मग झालं," मॅडम म्हणाल्या. "आपलं काम केर काढायचं. केरात काय आलंय ते उलगडून बघायचं नाही."

"पण बघितलं मी, मॅडम. ज्याचा हात लागलाय त्याला पोरंबाळं असतील, भावंडं असतील. उद्या कुणाला भलतीच सुई टोचली तर?"

"त्यानं तुला विचारलंय का? त्याला हे कळायला नकोच असेल तर? आपण डॉक्टर नाही गं. नियम काही उगाच केलेला नाही."

मॅडमचंही चूक नव्हतं. ती जागेवर आली, तो तुकडा काढला, जीनोम पुन्हा एकदा तपासला आणि पास केला. वटवाघळाचं काम संपलं. पण जीव काही स्वस्थ बसेना. शेवटी जिन्यात जाऊन तिनं तो जीनोम पाठवणाऱ्या सरांना फोन लावला. सर तिचे जुने गुरू. हे सगळं ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

"सर, तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाचा तरी अंश नमुन्यात उतरलाय. कुणाचा, ते मला सांगू नका." मग तिनं सगळं सांगितलं. "सगळ्यांनाच तपासणी करून घ्यायला लावा. एवढंच."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले.

"विद्यार्थी कुठले आलेत, अगं? ही वटवाघळं मिळायची ती गुहा केव्हाच ढासळली. नवा नमुना आणणार कुठून? ही नमुन्याची नळी आपल्या जुन्या फ्रीझरमधली, तू माझ्याकडे शिकत होतीस तेव्हाची. मी पाय मुरगळून बाहेर बसलो होतो आणि तू एकटी आत गेली होतीस. ती वटवाघळीण हातमोजा फाडून चावली तुला. रक्तानं माखलेला हात घेऊन आलीस आणि वर माझ्यावरच ओरडलीस…"



तो तुकडा तिचाच होता. आधी डोळ्यांपुढे आली ती तिची लेक. मग, कुठून कोण जाणे, धाकटा मामा. आईच्या पाठचा. घरात सगळे त्याच्याशी हातवारे करून बोलत. मामा असाच, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तो असा का, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

तिनं आईला फोन लावला.

"आई, धाकट्या मामाचे कान कशानं गेले गं?"

"तापानं. छातीत पाणी झालं होतं ना त्याच्या. आज हे काय मध्येच?"

"तेव्हा इंजेक्शनं दिली होती त्याला?"

"रोज. मीच द्यायचे. नुकतं नर्सिंग झालं होतं माझं. दवाखाना लांब, कोण नेणार रोज त्याला? हातापाया पडायचा बिचारा, नको ताई म्हणून. पण मी एकही चुकवलं नाही." आईच्या आवाजात इतक्या वर्षांनंतरही तोच अभिमान होता. "कान गेले, पण जीव वाचवला मी त्याचा. का गं?"

वरून कुणीतरी जिना उतरत आलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, त्याला वाट दिली.

"काही नाही, सहज," ती म्हणाली. "फक्त तुला कधी कुणी इंजेक्शन द्यायला लागलं, तर आधी मला फोन करायचा."