शिपायाची जागा

एक दुभती म्हैस गेली तर गेली, पण पोराला लोकल बोर्डाच्या शाळेत शिपायाची नोकरी म्हणजे जन्मभराचा पगार. म्हणून तोतारामनं बोर्डाचे मेंबर रतिलालअण्णा यांच्या गोठ्यात म्हैस नेऊन बांधली. तेवढ्यात निवडणूक आली. विरोधात सरळमार्गी पितांबरगुरुजी उभे राहिले.

"अण्णा चोर शे. गुरुजीले मत द्या," बायको भिकुबाई म्हणाली.

"चोर शेच. पन तो पडना तर म्हैस फुकट गई. गुरुजीकडे वशिला चालस का?"

अण्णा निवडून आले. तोताराम हार घेऊन गेला, तर गोठ्यात गावातल्या सतरा म्हशी. जागा एकच, आणि ती अण्णांच्या भाच्याला मिळालेली.

"दुसरी निघेल, धीर धरा," अण्णा म्हणाले.

पुढच्या निवडणुकीत सतराही जण अण्णांसाठी दारोदार फिरले. घरी त्यांची पोरं कोरा चहा पीत होती.