अकरा सेकंद

सुलभा खांबाच्या टोकाशी पोहोचली, तरी अर्थिंगची साखळी तिच्या कमरेलाच लोंबत होती. खाली उभा असलेला रंगनाथ ओरडला.

"अगं, आधी तारेवर साखळी टाक! तार जिवंत असली तर ठिणगी पडून कळेल तरी."

"अहो, ओरडू नका. मोबाइलमध्ये तार हिरवी दिसतेय, म्हणजे बंद आहे."

वीस वर्षं लाइनमन असलेल्या रंगनाथची तीन बोटं अशाच तारेनं नेली होती. त्याच्या जागी त्याच्या बायकोला घेतलं, ते वीज कंपनीच्या मोबाइलवरच्या प्रशिक्षणाच्या खेळात ती तालुक्यात पहिली आली म्हणून. सहा महिने तो खेळ तिला मोबाइलच्या पडद्यावर अंगणात खोटे खांब उभे करून दाखवत होता. शेजारणी हसायच्या, सुलभा मात्र हवेत हात चालवत खरंच काम शिकली.

"खेळात साखळी नव्हती का?"

"होती की. पण टाकायला अकरा सेकंद जायचे. मेलं तर तीन सेकंदांत परत उभं राहता यायचं. मग कोण टाकतंय? चारशे वेळा मेले असेन मी!" ती हसली. "आम्ही सगळे नवे असंच करतो."

तिच्या आवाजात भीती नावालाही नव्हती. रंगनाथने सबस्टेशनला फोन लावला. "लाइन बंद कर बाबा, बायको वर आहे!"

"घाबरताय कशाला, काका?" त्याच खेळातून भरती झालेला नवा ऑपरेटर म्हणाला. "चुकलंच तर दुसऱ्यांदा जमेल की."

वर सुलभाने नट आवळण्यासाठी हातमोजा काढून दातांत धरला.