मावशीने नाकारलेलं पाणी

या, असे जवळ सरकून बसा. देवाने एका पाणी भरणाऱ्या बाईच्या हातून मला कसं वाचवलं, ते मोजून शंभर शब्दांत सांगते. एखादा शब्द जास्त झाला तर खुशाल कान धरा.

मी मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला नवीन होते. दहा चादरींमागे एक ग्लास पाणी, असा तिथला शिरस्ता. पाणी जितकं जास्त तितकं चांगलं, असं समजून मी अख्खी बाटली संपवायचे. दुपारी डोकं ठणकलं, उलटी झाली, शेजारच्या मुलीला ‘आई’ म्हणू लागले. “उकाड्याने झालंय हिला, पाणी पाजा!” सगळ्या ओरडल्या. पाणी भरणाऱ्या मावशीने ओठांना लागलेला ग्लास हिसकावला. “थेंबभरही नको! सकाळपासून आठ बाटल्या मीच भरून दिल्यात. पोरीच्या पोटात पूर आलाय. गाडी काढा आधी!” दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “अति पाण्याने रक्तातलं मीठ उतरलं होतं. आणखी पाजलं असतं, तर जीव गेला असता.” दाराशी मावशी रडवेली उभी होती. “डॉक्टरसाहेब, जन्मात पहिल्यांदा कुणाला पाणी नाकारलं. पाप तर नाही ना लागणार?” डॉक्टरांनीच तिला हात जोडले.

झाले शंभर. मावशी आजही तिथेच पाणी भरते, हसून ‘बेताने गं’ म्हणते. आता एवढंच मागणं: तहान लागली की पोटभर पाणी प्या, ती भागली की थांबा; आणि ग्लास खाली ठेवताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा माझ्या मावशीलाही आठवा.